मीठा बहार

मराठी घरात अंजीर बहुधा औषध म्हणून शिरतं. अफगाणिस्तानातून आलेली, दोरीत ओवलेली चपटी सुकी अंजिरं डब्यात असतात. रात्री दोन भिजत घालायची, सकाळी चावून खायची आणि वर ते पाणी प्यायचं. पोट साफ होतं, रक्त वाढतं, असं घरातली वडीलधारी सांगतात आणि आपण ऐकतो. पण पोटासाठी खाल्लेल्या वस्तूची चव कोणी निरखत नाही. हे एक फळ आहे, झाडावर पिकतं, त्याला साल, गर, रंग आणि स्वतःचा ऋतू आहे, याचा त्या भिजवलेल्या दोन अंजिरांत मागमूस नसतो.

ताज्या अंजिराचं महाराष्ट्रातलं माहेर म्हणजे पुरंदर तालुका. दिवे घाट चढून वर आलं की दिवे, काळेवाडी, सोनोरी, गुऱ्होळी, राजेवाडी, सिंगापूर, पारगाव या गावांच्या शिवारांत ही झाडं दिसू लागतात. जुने लोक खेड-शिवापूरच्या अंजिरांचंही नाव काढतात. एके काळी पुण्याच्या मंडईत त्या खोऱ्यातल्या मालाचा दबदबा होता. बागायतीच्या पुस्तकांत या वाणाला ‘पुना अंजीर’ म्हणतात. 2016 साली त्याला ‘पुरंदर अंजीर’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं. मराठवाड्यात दौलताबाद-खुलताबादकडची अंजिरंही नावाजलेली आहेत आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने त्यांतूनच निवडलेला ‘दिनकर’ हा वाण आहे. तरी माझं मत स्पष्ट आहे. मार्च-एप्रिलमध्ये झाडावर पुरतं पिकलेलं पुरंदरचं अंजीर त्याच दिवशी खायला मिळालं, तर ताज्या अंजिरांत त्याच्या पुढे ठेवावं असं मी दुसरं खाल्लेलं नाही. त्याच दिवशी, ही अट मात्र सोडता येत नाही. का, ते फळच सांगेल.

आधी नुसतं पाहा. आकार घंटेसारखा, खाली पसरट, देठाकडे निमुळता. वजन साधारण 40 ते 60 ग्रॅम. सालीवर देठापासून तळापर्यंत उभ्या शिरा. रंग एकसारखा कधीच नसतो. मानेला हिरवट, मग पिवळसर छटा, पोटाला जांभळट तपकिरी, आणि ज्या बाजूला ऊन लागलं ती बाजू अधिक गडद. बाजारात एका रंगाची, ताठ मानेची, चकचकीत अंजिरं ओळीने मांडलेली दिसली की शहरी गिऱ्हाईक खूश होतं. जाणत्याने तिथून पुढे जावं. ताठ मान म्हणजे फळ आधी तोडलेलं.

पिकलेलं अंजीर मान टाकतं. झाडावर असताना ते आधी फांदीपासून तिरकं उभं असतं. पिकायला आलं की देठाशी वाकतं आणि लोंबू लागतं. सालीवर बारीक पांढऱ्या चिरा पडतात, कारण आत गर फुगलेला असतो आणि सालीला तेवढं ताणता येत नाही. तळाला जे बारीक भोक असतं, त्याला डोळा म्हणतात. तो जरा उघडतो आणि कधीकधी त्यावर पाकाचा एक थेंब येऊन थांबतो. देठ तोडल्यावर पांढरा चीक वाहिला तर फळ अजून कच्चं आहे. पक्व फळाच्या देठाला चीक जवळपास नसतोच. चिरा, वाकलेली मान, ओला डोळा ही तीन लक्षणं बाजाराच्या भाषेत डाग ठरतात आणि अशा फळाचा भाव पडतो. खाणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तेच पहिल्या प्रतीचं फळ.

यामागे अंजिराच्या वाढीची चाल आहे. फळ धरल्यावर ते काही आठवडे भरभर वाढतं, मग बरेच दिवस जागच्या जागी थांबल्यासारखं दिसतं. आणि मग अगदी शेवटच्या थोड्या दिवसांत फुगतं, रंगतं, मऊ पडतं. साखरेचा मोठा भाग याच दिवसांत भरतो. आंबा काढून अढीत घातला तरी पिकतो आणि गोड होतो. अंजीर काढल्यावर मऊ पडेल, पण गोड होणार नाही. झाडाने जेवढं दिलं तेवढंच. लांबच्या बाजारासाठी दोन दिवस आधी तोडलेल्या फळाने नेमके तेच दोन दिवस गमावलेले असतात. मुंबईत, नागपुरात ‘अंजीर काही विशेष लागत नाही’ म्हणणारे भेटतात, तेव्हा मी वाद घालत नाही. त्यांनी खाल्लेलं फळ खरोखरच विशेष नसतं.

आता उघडा. सुरी नको. डोळ्याच्या बाजूने दोन्ही अंगठे लावून अलगद फाकवा. सालीखाली पातळ पांढरा थर, त्याच्या आत गुलाबी-लालसर गर आणि मधोमध थोडी पोकळी. हा गर म्हणजे खरं तर शेकडो बारीक फुलं आहेत. अंजिराचा मोहोर झाडावर दिसत नाही, कारण तो फळाच्या आत, भिंतीकडे पाठ आणि पोकळीकडे तोंड करून फुलतो. वड, पिंपळ आणि उंबर हे त्याचे सख्खे भाऊबंद. त्यांची फुलंही अशीच कोंडलेली. उंबराचं फूल कोणाला दिसत नाही ही आपली जुनी समजूत वनस्पतिशास्त्राच्या फार जवळची आहे.

उंबराचा विषय निघाला की माशीचा प्रश्न येतोच. उंबर फोडलं की आत केंबरं निघतात, हे खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. म्हणून अंजिरातही किडा असणार, या शंकेने काही शाकाहारी मंडळी ते खात नाहीत. तुर्कस्तानातलं स्मर्ना जातीचं अंजीर खरोखरच माशीवाचून धरत नाही. एक अगदी बारीक गांधीलमाशी डोळ्यातून आत शिरून परागण करते, तेव्हाच ते पिकतं. 1880 च्या दशकात कॅलिफोर्नियात स्मर्नाची झाडं नेऊन लावली, ती वाढली, पण फळं पिकण्याआधीच गळत राहिली. अखेर 1899 साली ती माशी तिथे रुजवली, तेव्हा बागा फळल्या. आपलं पुना अंजीर त्या जातीचं नाही. त्याला परागण लागत नाही, फूल आपोआपच फळात बदलतं. तेव्हा शंका असणाऱ्यांनी निश्चिंत मनाने खावं.

याचा परिणाम थेट जिभेवर उतरतो. स्मर्नाच्या बियांत खरं बीज भरलेलं असतं, म्हणून आयात केलेलं सुकं तुर्की अंजीर चावताना दाणा कटकन फुटतो आणि मागे किंचित खमंग चव ठेवतो. पुना अंजिराच्या बिया पोकळ असतात. दाताखाली येतात तेव्हा नुसती बारीक किरकिर जाणवते, चव येत नाही, आणि ती किरकिर गराचा मऊपणा अधिक मऊ करून दाखवते. सुक्या अंजिरात मला भरलेली बी आवडते. ताज्यात ही पोकळ बीच बरी. ती मध्ये बोलत नाही.

चवीचा क्रम असा. ओठांना प्रथम साल लागते, तिला पानाचा हिरवा वास असतो आणि अगदी किंचित तुरटपणा. मग पांढरा थर, बेचव, जरासा दुधाळ. मग गर. तो गोड आहे, पण साखरेसारखा टोचणारा गोड नाही. त्यात मधाची आणि पिकलेल्या तुतीची आठवण आहे. तुतीची आठवण येणं स्वाभाविक, दोघं एकाच कुळातले. गिळल्यावर पुन्हा सालीचा हिरवेपणा मागून वर येतो. अंजिरात आंबटपणा जवळजवळ नाही, आणि आंबटपणा नसलेलं फळ दोन घासांत कंटाळवाणं होण्याचा धोका असतो. चिकूचं अनेकदा तसंच होतं. अंजिराला त्यातून वाचवते ती साल. म्हणून साल काढून, कापून, बशीत मांडून दिलेलं अंजीर पाहिलं की मला चुटपुट लागते. देणाऱ्याने प्रेमापोटी नेमका अर्धा अर्थ काढून टाकलेला असतो.

फ्रिजचंही तसंच. गार अंजिराचा वास बसतो आणि गर घट्ट, मुका होतो. ठेवावंच लागलं तर खाण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवावं. अंजीर मिल्कशेक, अंजीर बर्फी, अंजीर बासुंदी यांच्याशी माझं भांडण नाही. बहुतेक वेळा त्यांत सुकं अंजीरच असतं आणि दूध-साखरेपुढे त्याने जे करायचं ते ते करतं. पण ताजं पुरंदरचं अंजीर मिक्सरमध्ये घालणं मला मान्य नाही. फार तर चिमूटभर मीठ, नाहीतर घरच्या लोण्याचा एवढासा गोळा. बस्स.

अंजिराचे वर्षात दोन बहार. पावसाळ्याच्या तोंडावर छाटणी करून धरलेला तो खट्टा बहार. त्याची फळं पावसाळा सरता सरता सुरू होऊन थंडीत येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीचा तो मीठा बहार, त्याची फळं फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंत. नावातच निकाल लावून टाकला आहे आणि तो बराचसा बरोबर आहे. खट्टा बहाराचं फळ आंबट नसतं, पण हवेत ओल असते, डोळ्यातून पाणी आत शिरतं, फळ उकलतं, नासतं. जे टिकतं त्याची गोडी पातळ असते. मीठा बहार कोरड्या हवेत आणि चढत्या उन्हात पिकतो. पाणी उडतं, साखर राहते. तरीही आजकाल अनेक बागायतदार खट्टा बहार मुद्दाम धरतात, कारण तेव्हा बाजारात माल कमी आणि भाव चांगला. त्यांना कोण काय म्हणणार? बाग रसिकांच्या टाळ्यांवर चालत नाही. डिसेंबरअखेरच्या कोरड्या थंडीतली काही फळं तर मीही आनंदाने खातो. पण या वाणाबद्दल मत बनवायचं तर चैत्राच्या मालावर बनवावं. मेच्या मध्यानंतर तेही उतरणीला लागतं. ऊन फार चढलं की फळ पुरतं भरण्याआधीच पिकल्यासारखं दिसतं, साल चिवट होते.

बहार धरणं ही खास आपल्याकडची कारागिरी आहे. थंड देशांत झाडाला विश्रांती हिवाळा देतो. इथे ती माणसाने द्यायची. पाणी तोडायचं, झाडाला ताण बसू द्यायचा, पानं पिवळी पडून गळू द्यायची. मग चाळणी, शेणखत, छाटणी आणि पुन्हा पाणी. अंजीर नव्या फुटीवर धरतं, म्हणून छाटणीत हात आखडला तर झाड उंच जातं आणि फळं शेंड्याला लागतात. या वाणाला बाजूच्या फांद्या फुटण्याचा कंटाळा. त्यावर पुणेरी उपाय म्हणजे खाचा पाडणे: निजलेल्या डोळ्याच्या जरा वर सालीची तिरपी चकती उडवायची, की तो डोळा जागा होतो. नेमका कोणता डोळा, किती खोल, हे छापील पुस्तकात सापडतं. हाताला यायला मात्र दुसऱ्याचा हात पाहावा लागतो. पुरंदर हा पर्जन्यछायेतला, कऱ्हेच्या तुटपुंज्या पाण्यावरचा तालुका. निचऱ्याची, मुरमाड, चुनखडीची जमीन आणि कोरडी हवा यांनी इतर पिकांची जी गैरसोय केली, तीच अंजिराच्या पथ्यावर पडली. कोकणात हे झाड वाढेल, पानांनी डवरेल, पण असं फळ देणार नाही.

शत्रू पुष्कळ. पावसाळी हवेत पानांच्या मागे तांबेरा येतो, तपकिरी भुकटी साचते आणि झाड अवेळी बोडकं होतं. त्यावर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण. मुळांना सूत्रकृमी, खोडाला पोखरणारी अळी. आणि पक्षी. डोळा ओला झालेलं फळ माणसाआधी बुलबुलाला कळतं, रात्रीचा कारभार वटवाघळांकडे. पक्व फळाची परीक्षा यांच्याइतकी कोणाची नाही. चोच मारलेल्या अंजिराशेजारचं अंजीर बिनधास्त तोडावं.

तोडणी पहाटे. फळ गार असतं तोवर हाताळलं तर कमी दुखावतं. तोडणाऱ्यांच्या बोटांना चीक लागून कातडी सोलवटते, म्हणून कोणी मोजे घालतात, कोणी चिंध्या गुंडाळतात. या चिकात दूध फाडणारं, प्रथिनं तोडणारं द्रव्य आहे. शिवाय तो अंगाला लागून त्यावर ऊन पडलं तर फोड येतात. फळं अंजिराच्याच पानांवर मांडून बाजाराकडे निघतात, आणि पानाच्या खरबरीत लवेमुळे फळाला ओरखडा पडू नये म्हणून पानं मांडण्यातही बेत असतो. पाटीवरचं फडकं काढल्यावर जो वास येतो त्यात निम्मा वाटा या पानांचा असतो. पान उन्हात तापलं की त्याला ओल्या नारळाचा वास सुटतो. कोणी सांगेपर्यंत लक्षात येत नाही आणि एकदा कळलं की चुकत नाही.

या वाणाची सर्वांत चकित करणारी गोष्ट त्याच्या पोकळ बीतच आहे. तिच्यातून झाड उगवत नाही. पुना अंजीर पुढे जातं ते फक्त फाटे कलमाने किंवा गुटीने, म्हणजे कोणीतरी फांदी कापून मातीत खोवली तरच. त्यामुळे दिव्यातलं झाड आणि सोनोरीतलं झाड ही भावंडं नसतात; एकाच झाडाचे ते निरनिराळ्या मातीतले तुकडे असतात. ही रीत किती जुनी असावी? जॉर्डनच्या खोऱ्यात गिलगाल इथे उत्खननात जळून कोळसा झालेली, अशाच बिनपरागणाच्या जातीची अंजिरं मिळाली आहेत, सुमारे 11,400 वर्षांपूर्वीची. ती माणसाने फांद्या लावून वाढवलेली असावीत, असं ती अभ्यासणाऱ्यांनी 2006 साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं. सगळ्या तज्ज्ञांना ते पटलेलं नाही. पटलं, तर धान्याच्या शेतीआधी फांदी खोवणं आलं असं म्हणावं लागेल. ते काहीही असो. आपल्या पुरंदरी झाडाची परंपरा अशीच आहे, हातातून हातात, आणि मध्ये एक हात जरी थांबला तरी ती तिथे संपते.

अलीकडे तिची काळजी घेणारे नवे हात आले आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं अंजीर-सीताफळ संशोधनाचं केंद्र याच तालुक्यात जाधववाडीला आहे. ‘फुले राजेवाडी’ ही निवड याच विद्यापीठाची. पुना अंजीर सुकवायला मात्र योग्य नाही. सुकवणीसाठी ‘डायना’सारखे हिरवट-पिवळे परदेशी वाण लोक लावू लागलेत. पुरंदरच्या शेतकऱ्यांनी वेगळी वाट काढली, रस आणि स्प्रेड करण्याची. 1 ऑगस्ट 2024 रोजी पुरंदरच्या अंजिराचा तयार रस पोलंडला रवाना झाला. बाजारात न टिकणाऱ्या, उकललेल्या फळाला त्यामुळे मोल मिळतं, ही गोष्ट मला रसाच्या चवीहून महत्त्वाची वाटते. चव म्हणाल तर बाटलीत गोडी येते, साल येत नाही.

घरी लावायचं असेल तर कठीण नाही. अंगठ्याएवढी जाड, वीतभर किंवा जरा मोठी, चार-पाच डोळ्यांची फांदी खात्रीच्या झाडाची घ्या. चीक सुकू द्या. मुरूम मिसळलेल्या मातीत दोन डोळे खाली, बाकी वर अशी खोवा. मोठी कुंडी, दिवसभराचं ऊन आणि पाण्याचा निचरा या तीन गोष्टी हव्यात. जमिनीत लावलंत तर टाकी आणि पाइपापासून लांब. मुळं पाण्याचा माग काढतात. पावसाळ्यात तांबेऱ्याची पानं तोडून टाका, सप्टेंबरअखेर न घाबरता छाटा, आणि फळं रंगू लागली की जाळी टाका. कुंडीतल्या झाडाला थोडीच फळं येतील. पण ती मान टाकेपर्यंत थांबण्याचा अधिकार तुमचा असेल, आणि तो कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

फांदी नेता येते, जमीन नेता येत नाही. नियोजित पुरंदर विमानतळासाठी ज्या सात गावांच्या जमिनी ठरल्या आहेत, त्यांत पारगाव, वनपुरी, उदाचीवाडी, खानवडी ही गावं आहेत. तिथे अंजीर, सीताफळ, डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत आणि गावकऱ्यांचा विरोधही. विमानतळाची गरज-निकड यावर बोलणारे पुष्कळ आहेत. जमिनीच्या हिशेबात या मातीत पिकणाऱ्या फळाची चव कुठे धरली जाते, हे मात्र मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

तेव्हा येत्या मार्चअखेरीला किंवा एप्रिलमध्ये सासवडच्या वाटेला लागा. सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत चांगल्या पाट्या संपतात. उकललेली, मान वाकलेली फळं मागा. विकणारा आधी चकित होईल, मग स्वस्तात देईल. थोडीच घ्या, पुण्याला परत येण्याआधी खाऊन टाका, आणि साल काढू नका.